वसंता, तू यादी का लावली नाहीस

प्रिय वसंता,

आणि तुझ्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने आज वाचनालयात जमलेल्या माणसांनो, गिरण्या जाऊन टॉवर उभे राहिले तरी ज्यांना स्वतःच्या बिल्ल्याचा नंबर विसरता आला नाही, त्या सगळ्यांनो,

आपलं एक दुखणं सारखं आहे. संप विरत चालला होता तेव्हा आपण सगळे गेटवर उभे होतो आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदात टाचा उंचावून आपलं नाव शोधत होतो. ज्याचं होतं तो मान खाली घालून आत गेला. ज्याचं नव्हतं तो मान खाली घालून घरी गेला. त्या कागदाबद्दल आपण एकमेकांशी कधी मोकळेपणाने बोललो नाही. आज मी बोलणार आहे, कारण तो कागद मी दुसऱ्यांदा लावला आहे.

वसंता, हे पत्र तुला आहे. पण मी ते मोठ्याने वाचणार आहे, कारण तशी अट आहे. अट अनसूयाबाईंनी घातली. वाइंडिंग खात्यातल्या, घोडपदेवच्या अनसूयाबाई. तुझ्या दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर रोज दुपारी बसून संपाच्या आठवणी लिहायच्या त्या. त्यांची एकेचाळीस पानं झाली आहेत आणि बेचाळिसावं पान तीन आठवडे अडलं आहे. माझ्यामुळे. आज येते म्हणाल्या आहेत. "दाराजवळ बसान, पटला नाय तर उठूक बरा," असंही म्हणाल्या.

तर आडपडदा न ठेवता सांगतो. मी तुझा हेवा केला. तू जिवंत होतास तेव्हा केला, आणि तू गेल्यावर तो कमी होईल असं वाटलं होतं, तर वाढला. मेलेल्या माणसाचा हेवा करणं फार कठीण असतं रे. तो चुकतच नाही.

सुरुवात गेटपासून झाली. तुला आठवत असेल, आणि नसेल तर बरंच आहे. परत कामावर घेतलेल्यांची यादी लागली होती. पुढच्यांना दिसत होती, मागच्यांना नाही. कोणीतरी ओरडलं, "अरे, अर्जुनाला द्या, त्याचा आवाज मोठा." माझा आवाज मोठा होता. दीड वर्ष मी त्याच गेटसमोर, त्याच दगडावर उभा राहून भाषणं केली होती. मी पुन्हा त्या दगडावर चढलो आणि यादी वाचली. माझं नाव त्यात नसणार हे मला ठाऊक होतं. भाषणं करणाऱ्यांना कोण परत घेतो? पण तुझं होतं. वसंत, फिटर, बिल्ला नंबर दोनशे सात.

तुझ्या नावाआधी मी थांबलो. वक्त्याला थांबणं कळतं. नेमकं कुठे थांबलं की लोकांच्या माना वळतात, हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं, मला ते आपसूक यायचं. मी थांबलो, तुझ्याकडे पाहिलं, आणि मग तुझं नाव असं उच्चारलं की त्याच्यापुढे 'गद्दार' म्हणायची गरज उरली नाही. तू आत गेलास. तुझ्या घरात तेव्हा वहिनींना सातवा महिना होता आणि तुझी आई अंथरुणाला खिळली होती, हे मला माहीत होतं. तरी मी थांबलो.

आणि त्या गर्दीत अनसूयाबाई होत्या. मी यादी संपवली तेव्हा त्यांनी स्वतःच्या बिल्ल्याचा नंबर विचारला होता, "आणि तीनशे अठरा?" मी म्हणालो, "नाही." इतकंच. मी पुढच्या घोषणेच्या तयारीत होतो.

आता यातली गंमत बघ. गद्दार तू, आणि लोक जायचे तुझ्याकडे. मी न झुकलेला, मी ताठ, माझ्या घरी पुस्तकांच्या चळती, आणि माझ्या दारात चप्पल एकच, माझी. तुझ्या दारात सातआठ जोड. कोणाच्या मिक्सरचं पातं अडलंय, कोणाचा पंखा आवाज करतोय, कोणाला फॉर्म भरून हवाय. कांबळेंचा रेडिओ तू किती वेळा दुरुस्त केलास? मी एकदा कांबळेंना विचारलं, "तो आत गेला होता हे विसरलात का?" बीडीडी चाळीतले कांबळे म्हणजे माझ्याहून कडवे. ते म्हणाले, "नाही विसरलो. पण अर्जुनराव, तुमच्याकडे आलो तर तुम्ही रेडिओ का बंद पडला त्याची कारणं सांगाल. वसंता तो चालू करतो."

मी हसलो नव्हतो. आजही हसत नाही.

मग गिरणीच बंद झाली आणि तूही बाहेर आलास, आपण सगळे एकाच फूटपाथवर आलो. तिथे आपली बरोबरी व्हायला हवी होती. पण तू गिरणीच्या ऑफिसात मशीन बघता बघता कॉम्प्युटर शिकून आला होतास. लालबागच्या या वाचनालयात, माझ्या या वाचनालयात, जिथे मी वीस वर्षं पंधरवड्याचं व्याख्यान देत होतो, तू कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेले दोन कॉम्प्युटर हातगाडीवरून आणलेस. त्यात लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली घातलीस. मी विचारलं, ही कुठल्या कंपनीची वस्तू? तू म्हणालास, "कोणाची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय, कोणीही घ्यावं." आणि स्क्रू पिळायला लागलास.

वसंता, सामुदायिक मालकी या विषयावर मी तीस वर्षं बोललो. तू ती एका दुपारी टेबलावर मांडून हात पुसलेस. मला किती राग आला असेल, याची तुला कल्पना तरी होती का?

कॉम्प्युटरवर खातं उघडताना तू प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचास, "बिल्ला नंबर?" आणि साठीसत्तरीची माणसं विचार न करता सांगायची. तीनशे अठरा. पंधराशे तीस. मीही सांगितला, अकराशे सेहेचाळीस. तेव्हा वाटलं, जुनी सवय. पोरासोरांना बिल्ले नव्हते, त्यांना तू पाच हजारांपासून पुढचे नंबर दिलेस. ते नंबर कॉम्प्युटरच्या आत कुठे जातात, हे मी विचारलं नाही.

तुझ्या कॉम्प्युटरबद्दल सगळ्यांची एकच तक्रार होती. चालू केला की काळाभोर पडदा. त्यावर पांढरी अक्षरं, आणि तीही इंग्रजी लिपीत, कारण त्या काळ्या पडद्यावर मराठी उमटत नाही असं तू सांगायचास. Ya, basa. Nav sanga. त्याखाली लुकलुकणारी एक रेघ. तिथे आपलं नाव टाइप करायचं, मग पासवर्ड, मग कुठे रंगीत पडदा उघडणार. सगळे म्हणायचे, "वसंता, बँकेत कसं असतं, चित्र असतं, नावं असतात, नुसतं बोट ठेवायचं. तसं कर की." तू म्हणायचास, "बघतो." सहा वर्षं तू 'बघतो' म्हणालास.

मला खात्री होती की हा तुझा अहंकार आहे. लोकांनी अडावं आणि तुला हाक मारावी, म्हणून तू ते अवघड ठेवलंस. अनसूयाबाईंना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. तू त्यांना सात अक्षरं शिकवलीस, त्यांच्या नावापुरती. पंधरा दिवस लागले. मी कोपऱ्यात पेपर धरून बघत होतो. ज्या दिवशी त्यांनी ती सात अक्षरं न चुकता टाकली आणि पडदा उघडला, त्या दिवशी त्या तुला म्हणाल्या, "माका आत घेतल्यान रे." मी मनात म्हटलं, बघा, एका बाईला पंधरा दिवस राबवलं आणि वर उपकारही पदरात पाडून घेतले.

माझ्या शेवटच्या व्याख्यानाला अकरा जण होते. त्यातले चार तुझ्या कॉम्प्युटरसाठी नंबर लावून बसलेले. मी शोषणावर बोलत होतो आणि मागून अनसूयाबाईंच्या एका बोटाचा टक, टक असा आवाज येत होता. त्या संपाच्या आठवणी लिहीत होत्या. संपावर बोलायचा अधिकार माझा, असं मी धरून चाललो होतो. एकेचाळीस पानं, वसंता. मला आजवर एक पानही लिहिता आलेलं नाही. मला फक्त बोलता येतं.

आणि मग तू गेलास. स्मशानात भाषण मीच केलं. चांगलं झालं, सगळे म्हणाले. पण मी बोलायला उभा राहण्याआधीच माणसं रडत होती. माझ्या शब्दांसाठी कोणी थांबलं नव्हतं. तिथे, तुझ्या चितेसमोर, मी माणसं मोजली. माझ्यासाठी इतकी येतील का, याचा हिशोब केला. हे आज सांगतो, कारण सगळंच सांगायचं कबूल केलं आहे.

दोन महिन्यांपूर्वी मी ठरवलं, वसंताने जे सहा वर्षांत केलं नाही ते मी करून दाखवणार. चित्राचा पडदा. नावांचा पडदा. मी वाचणारा माणूस आहे, जाडजूड ग्रंथ पचवलेत, हे काय अवघड? वहिनींकडे गेलो. म्हणालो, "कॉम्प्युटरची मुख्य चावी हवी, सगळं उघडणारा पासवर्ड." त्यांनी तुझी वही दिली. मी त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की मी काय करणार आहे आणि ते लोकांसाठी का गरजेचं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा आणला.

तुझं काम हातात घेतल्यावर कळलं की त्याच्यावर भाषणाचा परिणाम होत नाही. पहिल्यांदा तो पडदा बसवला तर कॉम्प्युटर सगळाच काळा पडला, तुझी ती पांढरी अक्षरंही गेली. दुसऱ्यांदा पडदा आला, सुंदर आला, मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, क्षणभर काळोख, आणि पुन्हा तोच पडदा. पुन्हा पासवर्ड. पुन्हा तोच पडदा. पासवर्ड बरोबर, तरी आत घेईना. कांबळे मागे उभे होते. म्हणाले, "अर्जुनराव, हा पण मालकाचा माणूस दिसतोय. गेटवरून परत पाठवतोय." चार दिवस गेले. शेवटी सापडलं. मी मुख्य चावीने आत शिरून उठाठेव केली होती, त्यात माझ्याच खात्यातल्या एका फाइलीची मालकी माझ्याकडून निघून त्या चावीकडे गेली होती. माझ्याच घरात मला शिरायची परवानगी नव्हती. ते दुरुस्त केलं आणि आत गेलो. त्या वेळी मला जो आनंद झाला तो आजवर कुठल्याही सभेत झाला नव्हता. तुला हा आनंद रोज मिळत होता तर? आणि तू कधी बोलला नाहीस? हाही हेवा लिहून घे.

मागे मी आपल्या गिरणीच्या चिमणीचा फोटो लावला. पुढे नावं, मराठीत, बाराखडीच्या क्रमाने. सगळ्यांत वर माझं. अर्जुन.

वसंता, आता नीट ऐक. हीच ती गोष्ट. त्या यादीत मी आधी तुझं नाव शोधलं. नव्हतं. तुझं खातं मी काढलेलं नव्हतं, मग नाव का नाही? कोणीही शहाणा माणूस तिथे थांबला असता आणि कारण शोधलं असतं. मी थांबलो नाही. मला बरं वाटलं. आत कुठेतरी एक गार झुळूक गेली. म्हटलं, चला, कॉम्प्युटरने आपणहून केलं, माझा काय दोष? तुझ्या नावाच्या जागेवरून नजर उचलली आणि परत माझ्या नावावर नेली. अनसूयाबाईंचं नाव बाराखडीत माझ्या आधी येतं. ते वर असायला हवं होतं. ते नव्हतं, हे मला दिसलंच नाही, कारण आपलं नाव पहिलं आहे याचं मला अप्रूप वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना बोलावलं. पेढे ठेवले. पडदा उघडला. "वा, वा," झालं. आणि मग सगळे पुढे सरकले, आणि टाचा उंचावल्या. मी तेव्हाही ओळखलं नाही. मी चिमणीच्या फोटोबद्दल बोलत होतो.

अनसूयाबाई पुढे आल्या. चष्मा वर केला. वरपासून खालपर्यंत बोट नेलं, मग खालपासून वर. मग माझ्याकडे वळल्या.

"अर्जुना, माझां नाव खंय?"

मी म्हटलं, "असेल हो, नीट बघा."

त्यांनी पुन्हा बोट नेलं. सगळे बघत होते. मग त्या म्हणाल्या, "परत यादी लावलंस?" पिशवी उचलली आणि निघाल्या. दारात थांबल्या नाहीत, पेढाही घेतला नाही. त्यांच्यामागून आणखी चौघं गेली. सगळे जुने. सगळ्यांत जुने.

कारण शोधायला मला दोन दिवस लागले आणि ते वाचलं तेव्हा मी खुर्चीत बसून राहिलो. कॉम्प्युटरच्या आत प्रत्येक माणसाला एक नंबर असतो. हजाराच्या खालचे नंबर तो स्वतःच्या नोकरचाकरांसाठी राखून ठेवतो, छपाईचं काम बघणारा, घड्याळ बघणारा, असे. ती माणसं नव्हेत, म्हणून यादी दाखवताना तो त्यांना गाळतो. आणि तू प्रत्येकाला त्याच्या बिल्ल्याचाच नंबर दिला होतास. अनसूयाबाई तीनशे अठरा. तू दोनशे सात. जो जितका जुना, तितका नंबर लहान. गिरणीत ज्यांनी सगळ्यांत जास्त वर्षं घातली त्यांनाच माझ्या यादीने माणसात धरलं नव्हतं. मी मात्र अकराशे सेहेचाळीस, मी दिमाखात वर.

कुठल्या शहरात, कुठल्या वाचनालयात ही चूक झाली असती, सांग? हे फक्त आपल्याकडे होऊ शकतं. काळ्या पडद्यावर तुझ्या नंबरांनी काही बिघडत नव्हतं. तिथे कॉम्प्युटर कोणाला दाखवत नव्हता, फक्त विचारत होता.

मी ते सुधारलं. एका ओळीत हजारच्या जागी शंभर केलं. पाचही नावं उमटली, तुझंही उमटलं. आता मी जिंकलो असं वाटून मी घोडपदेवला गेलो. अनसूयाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाट सरकवला. मी त्यांना सगळं समजावलं, नंबर, हजार, राखीव जागा. शेवटी म्हटलं, "आता तुमचं नाव दिसतंय. माझ्याही वर आहे."

"दिसता?"

"हो. चला बघायला."

"तू दाखवलंस म्हणान दिसता," त्या म्हणाल्या आणि पुढचा दाणा निवडला. "वसंतान माका कधी दाखवल्यान नाय. तो इचारी, तू कोण. मी सांगी, अनसूया. मगे दार उघडा."

मी, वसंता, तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

मग त्या म्हणाल्या, "तेवा पण तुझोच आवाज होतो. मी इचारलंय, तीनशे अठरा. तू म्हणालंस, नाय. माझ्याकडे बघूकसुद्धा नाय. सगळ्यांसमोर म्हणालंस. आता काय सांगूचा आसात तां सगळ्यांसमोर सांग. मगे बघतंय."

परतताना वहिनींकडे गेलो. वही परत द्यायची होती. मी म्हटलं, "वसंताने हा पडदा कधीच का नाही लावला?"

"लावला होता की," वहिनी म्हणाल्या. "सुरुवातीला, एका रविवारी. नावांसकट. कांबळेभाऊजी पहिले आले. त्यांचं नाव वरून दुसरंच होतं. पण ते बोट घेऊन पार खालपर्यंत गेले, मग वर आले, मग सापडलं. सापडल्यावर त्यांनी असा श्वास सोडला, की ह्यांनी दुपारीच तो पडदा काढून टाकला. मला म्हणाले, वाचनालयात यायला कोणाला धडधड नको."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं कुठे, भाऊजी? तुम्ही सांगत होतात."

वसंता, माझ्यावर तू रागावला असतास, एकदा तरी भांडला असतास, गेटवरच्या त्या थांबण्याबद्दल एक शिवी घातली असतीस, तर आपला हिशोब मिटला असता. तू तसं केलं नाहीस. तू एका माणसाचा श्वास ऐकलास आणि सहा वर्षं लोकांची कुरकुर ऐकत 'बघतो' म्हणत राहिलास. मला सांगितलं असतंस तर मी त्यावर दोन तास बोललो असतो, हे तुला माहीत होतं. म्हणून नाही सांगितलंस ना? आणि तुला काय वाटलं, मला हे कधी कळणार नाही? की कळेल, आणि उशिरा कळेल, हीच तुझी शिक्षा होती?

तू शिक्षा करणारा नव्हतास. मला ठाऊक आहे. तेच तर सहन होत नाही.

मी यादी काढली आहे. पडदा ठेवला आहे, कारण तो मी बसवला आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, ते काही मी सोडणार नाही. चिमणीही आहे. नावं मात्र एकही नाही, माझंही नाही. मधोमध एक रिकामी चौकट आहे, तिथे ज्याने त्याने आपलं नाव आपल्या हाताने टाकायचं. आणि या पडद्यावर मराठी उमटतं, म्हणून चौकटीच्या वर तुझीच ओळ मराठीत लिहिली आहे. या, बसा. नाव सांगा. लिहिताना जाणवलं की इतकं करून मी पुन्हा तुझाच पडदा लावला, फक्त रंगीत. तेव्हाही पोटात दुखलं. दुखू दे.

गेटवर थांबलो ते चुकलं, वसंता. तुझं नाव मी ज्या सुरात वाचलं तो सूर चुकला. तुझं नाव गाळलं गेलं तेव्हा मला बरं वाटलं, ते सगळ्यांत जास्त चुकलं. आणि अनसूयाबाई, तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं नाही. आज दाराजवळच्या बाकाकडे बघून वाचतो आहे.

तुला एक वचन देतो, वसंता. माझ्या आवाजात पुन्हा कधी यादी वाचली जाणार नाही. पंधरवड्याचं व्याख्यान यापुढे वर्षभर बंद. त्या वेळात अनसूयाबाईंनी लिहिलेली पानं वाचून दाखवली जातील, आणि ती त्यांना हवं त्याने वाचावीत, मलाच सांगायला हवं असं काही नाही. तुझा हेवा मात्र सुटेल असं वचन देत नाही. तेवढं खोटं या वाचनालयात नको.

दोन नंबरचा कॉम्प्युटर चालू आहे. मी सकाळपासून त्याला हात लावलेला नाही, कोणी लावलेलाही नाही. चौकट रिकामी आहे. अनसूयाबाई, उठा, इथे या, आणि ती सात अक्षरं टाका.

तुझा,
अर्जुन
साचेखाते, बिल्ला नंबर अकराशे सेहेचाळीस